बोकडाची पसंती

त्या दिवशी आभाळ भरून आलेलं, पण वारा पडला होता, झाडाचं पान हलत नव्हतं. आणि साडेदहाला बोकड आमचं घर बघायला यायचा होता.

आमच्याकडं तशी रीतच आहे. माळावर गवत खाऊन वाढलेलं जनावर कुणाच्या घरी जायचं ते स्वतः ठरवतं. खुंट्याला बांधून खुराकावर वाढवलेल्याला कुणी विचारत नाही. त्याचं नाव ग्रामसेवकाच्या वहीत ‘खुराकी’ म्हणून चढतं आणि येत्या रविवारी ते बाजारला जातं. चढलेलं नाव खोडता येत नाही.

माझी सून उज्वला बाळंत होऊन तीन महिने झाले होते. अंगात रक्त म्हणून राहिलं नव्हतं. उठायची ती भिंत धरून. लेकराला दूध पुरत नव्हतं. तालुक्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मटणाचा रस्सा द्या, पण गवतावरच्याचाच. खुराकावरचं हिला सोसायचं नाही. माझा मुलगा भारत तेव्हापासून माळ धुंडत होता. दोन बोकडांनी नकार कळवला. एकाला आमचं दक्षिणेकडचं दार चाललं नाही, दुसऱ्यानं कारणच दिलं नाही. हा तिसरा, आणि यंदा माळावरचा शेवटचा.

तो वेळेवर आला. काळाभोर, अंगानं भरलेला, चालणं शांत. बरोबर ग्रामसेवक लोमटे वही घेऊन, आणि पंच म्हणून शेजारचा निवृत्ती. मी घोंगडी अंथरली, पण बोकड उभाच राहिला. त्यानं चूल बघितली, पातेलं हुंगलं, मग एकेक विचारायला लागला. खाणारी माणसं किती, शिळं ठेवता का, हाडं कुठं टाकता. मी सांगत गेलो. मला घाई जमत नाही, त्यालाही नव्हती. मधेच तो रवंथ करायचा, तेवढा वेळ आम्ही सगळे थांबायचो.

“जावई येणार आहेत का?” त्यानं विचारलं. “जावयाच्या ताटात मी जात नाही. तिथं नुसती नावं ठेवतात.”

“मला मुलगीच नाही,” मी म्हणालो.

लोमट्यांनी तेवढं लिहून घेतलं. मग बोकड म्हणाला, ज्यांच्यासाठी न्यायचंय त्या बाईंना मला बघू द्या.

उज्वला स्वतःच बाहेर आली. एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात थाळी. थाळीत मक्याचा भरडा, वर गुळाचा खडा. दारात आलेल्याला तसंच जाऊ द्यायचं नाही, हे तिच्या आईनं लावलेलं वळण. आज नको म्हणून तिला सांगायला पाहिजे होतं. भारतला वाटलं मी सांगितलं असेल, मला वाटलं भारतनं. तिनं थाळी बोकडापुढं ठेवली आणि तिथंच खाली बसली. तिला चक्कर आली होती.

लोमट्यांनी पेनाचं टोपण काढलं. मक्याचा एक घास जरी घेतला असता तरी बोकड खुराकी झाला असता, मग त्याच्या पसंतीला किंमत नाही. आणि पुढं आलेली थाळी भरलेली सोडून गेला, तर तो त्या घराला नकार. दोन्ही नियम एकाच पानावर आहेत.

आत लेकरू रडायला लागलं. उज्वला उठायला गेली, तिला उठता आलं नाही. बोकड तिच्याकडं बघत राहिला.

“आबा,” तो हळू म्हणाला, “मला हो म्हणायचंय. पण ही थाळी रिकामी झाल्याबिगर कसं म्हणू?”

मी लोमट्यांना विचारलं, थाळी कुणी रिकामी करायची असं काही लिहिलंय का. त्यांनी पानं उलटली. दोनदा वाचलं.

“कुणी करायची ते नाही लिहिलेलं. पण जो खाईल त्याचं नाव मला खुराकी म्हणून चढवावं लागेल. आबा, नीट विचार करा.”

भारत पुढं झाला. मी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं आणि थाळी माझ्याकडं ओढली. मला दात चारच आहेत. भरडा कोरडा होता, घशात अडकायचा. पाऊण तास लागला. बोकड तेवढा वेळ शेजारी उभा होता. एकदा म्हणाला, मधे पाणी घ्या. शेवटी गुळाचा खडा उरला. तो उज्वलाला द्यावा असं मनात आलं, पण मीच खाल्ला.

बोकडानं वहीत खूर उठवला. पसंत. उज्वला तोंडाला पदर लावून रडत होती. तिला तो म्हणाला की पहिल्या दिवशी रस्सा तिखट करू नका, दुधातून लेकराच्या पोटाला लागतो. त्याच पानावर खालच्या ओळीत लोमट्यांनी माझं नाव लिहिलं. वय विचारलं. मला नक्की माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी दात बघून लिहिलं.

सगळे निघाले. निवृत्ती तेवढा मागं राहिला. बाजारला जनावरं नेणारा टेंपो त्याचाच. त्यानं चपला घातल्या, काढल्या, परत घातल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, “आबा, रविवारी तुम्ही पुढं माझ्याशेजारी बसा. मागं फार हादरतं.”