फ्रीजरमधले बूट

"बाबांच्या पायाची बोटं मी सरळ करणार," असं भाषणबाईनं जाहीर केलं तेव्हा सगळ्यांना ती थट्टा वाटली, आणि तिथंच घोटाळा झाला.

भाषणबाई म्हणजे नववीतली कन्या. हजेरी देतानाही लाजणारी ही मुलगी वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली आणि तेव्हापासून दूध मागतानासुद्धा "उपस्थित मान्यवर" म्हणू लागली!

बाबा बुटांच्या दुकानात विक्रेते. नोकरांनी दुकानाचेच बूट घालायचे असा नियम, आणि फुकट मिळायचे ते शोकेसमध्ये मिरवून फिके पडलेले. शोकेसमध्ये कायम लहान मापाचेच बूट, नाजूक दिसतात म्हणून! वर्षानुवर्षं त्या टोकदार बुटांत कोंबून बाबांची बोटं एकमेकांच्या खांद्यावर चढली होती. संध्याकाळी बूट काढताना ते असे कण्हायचे, की शेजारच्या काकू टीव्हीचा आवाज कमी करायच्या.

बोटं मोकळी पसरली तरच पाय धड राहतो, असं खेळाच्या बाईंनी शाळेत सांगितलेलं. मग काय! भाषणबाईनं पाण्याच्या पिशव्या बुटांत खुपसून जोड फ्रीजरमध्ये ठेवला. बर्फ होताना पाणी फुगतं, बूट आपोआप रुंद होणार. विज्ञान!

विज्ञान बरोबर होतं. पिशव्या फाटक्या होत्या.

सकाळी बूट फ्रीजरच्या तळाला असे चिकटले होते, जणू कंपनीनंच ते बसवून पाठवलेत. आईनं उलथनं घातलं, बाबांनी जोर लावला, आणि बूट निघाले. सोल मात्र आतच राहिले.

नेमके त्याच दिवशी मालक नव्या शाखेचा प्रमुख निवडायला येणार होते. बाबा किती वर्षं त्या दिवसाची वाट बघत होते! अखेर आजोबांनी आपले होडीएवढे कॅनव्हासचे बूट दिले. संध्याकाळी फिरायला जायच्या आत परत हवेत, अशी ताकीदही दिली. भाषणबाईला सुट्टी होती. बाबांनी हात जोडले तरी ती मालकांना समजवायला मागोमाग निघालीच.

दुकानात मालकांची नजर थेट बाबांच्या पायांकडे गेली. "हे काय घातलंय?"

भाषणबाईनं बाबांना स्टुलावर बसवलं, बूट-मोजा ओढून काढला आणि ती बोटं भर दुकानात उघडी केली.

"काका, तुम्ही सगळ्यांना माप विचारता. एकदा माझ्या बाबांना विचारा ना."

पाठ केलेलं बाकीचं भाषण तिनं केलंच नाही.

मालक शेजारच्या स्टुलावर टेकले आणि त्यांनी आपले चकचकीत, टोकदार बूट काढले. आत हुबेहूब तीच चेंगराचेंगरी!

"मी घरीसुद्धा कुणाला दाखवत नाही," ते पुटपुटले.

त्या दिवशी बाबांना नवी शाखा मिळाली, आणि त्यांच्या मापाचा कोराकरकरीत जोडही.

परतताना बाबा कोपऱ्यावर थांबले. "आज पहिल्यांदाच पाय माझ्याबरोबर खुशीनं घरी येतायत. तुझ्यामुळे गं, पोरी."

भाषणबाईचे डोळे भरून आले. तशीच नाक ओढत ती घराशी पोचली. दारात आजोबा उभे होते, हातात काठी, पाय अनवाणी.

"माझे बूट?"

मालकांचे सुजलेले पाय परत त्यांच्या बुटांत शिरलेच नव्हते. आजोबांचे बूट त्यांनी जरा घालून बघितले, "अहाहा" म्हणाले, आणि तसेच गाडीत बसून निघून गेले होते.

भाषणबाईनं मदतीसाठी मागं पाहिलं. बाबा आपल्या मोकळ्या बोटांनिशी केव्हाच आत सटकले होते.

"उपस्थित मान्यवर..." तिनं सुरुवात केली.