सरकारी खांदा

"दुसरा जावई सरकारीच करणार! लिहून ठेवा!" कळस गावच्या चहाच्या टपरीवर हिंदुरावांनी ज्या दिवशी मांडीवर थाप मारून असं सांगितलं, त्याच दिवशी टपरीवाल्याचं पातेलंभर दूध नासलं. दोन्हींचा संबंध काय, ते ज्याचं त्यानं ठरवावं!

हिंदुरावांना सरकारी जावई पगारासाठी नको होता, की पेन्शनसाठीही नको होता. त्यांना हवा होता खांदा! मेल्यावर तिरडीला लागतो तो. पोटी दोन मुलीच. थोरला जावई नागेश बारामतीच्या एमआयडीसीत कुठल्याशा कंपनीत. माणूस सोन्यासारखा, पण सोन्यासारखाच कायम कुलपात! बारा तास ड्युटी, वर ओव्हरटाइम. दोन वर्षांमागं सासू भागूबाई वारली, तेव्हा त्याला गेटपास मिळेना. सुपरवायझर म्हणाला, "सासू म्हंजे काय सख्खी न्हवं. आई असती तर अर्धा दिवस सोडला असता."

नागेश पोचला तेव्हा राख गार झाली होती. चौथा खांदा ऐनवेळी शेजारच्या सोनबानं दिला. आता सोनबाची उंची म्हणजे उभ्या उसात हरवलेलं करडू! तिरडी अशी कलली, की भागूबाईला तेवढी धुगधुगी असती तर तिनं उठून वाट चालत कापली असती. तो कललेला कोपरा हिंदुरावांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. जेवताना ताट जरा कललं, तरी त्यांचा घास अडायचा.

"सरकारी माणसाचं तसं न्हाय," ते टपरीवर सांगत. "अकरा ते पाच काम. आयतवारी सुट्टी, सणाला सुट्टी, सायबाची म्हस व्याली तरी सुट्टी! सासरा मेला तर गडी तेरावा उरकूनच कामाव जाईल. आन् तेबी पगारी!"

धाकटी स्वप्नाली गुरुजींचा कोर्स पास होऊन भरतीची वाट बघत घरी बसलेली. तिच्यासाठी शोधून शोधून दिग्विजय सापडला. कळंबकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. रविवारी दुपारी बघायचा कार्यक्रम ठरला.

हिंदुरावांचं घर म्हणजे चार पत्रे आणि त्यांना चाळीस भोकं. घरकुलाच्या यादीत नाव लागलं होतं, पण पक्कं घर अजून कागदावरच. तोवर अब्रू झाकावी म्हणून सोनबाचा फ्रिज उचलून आणला, त्याचाच ट्रॅक्टर अंगणात उभा केला. फ्रिजची वायर बोर्डापर्यंत पोचेना, म्हणून आत चपला ठेवल्या. नागेश रात्रपाळी करून थेट आला होता, तो बाजेवर बसल्या बसल्या घोरत होता.

तर झालं असं, की पाहुणे यायच्या तासभर आधी नवरा मुलगा एकटाच दारात हजर! खांद्याला पिशवी, हातात मोबाईल, डोळे असे खोल की आत पोहरा सोडावा.

"आईवडील मागून येतायत," दिग्विजय म्हणाला. "मला जरा आधी माहिती घ्यायची होती. म्हटलं, दोन्ही कामं एकदमच होतील."

हिंदुराव बनियनवर होते. त्यांनी धावत जाऊन फेटाच तेवढा चढवला. 'गडी रोखठोक हाय! देण्याघेण्याचं आधीच इचारतोय!' ते मनात म्हणाले.

"घर कच्चं की पक्कं?"

"पक्कं! पत्रं निस्तं वरनं दिसत्यात!"

"फ्रिज?"

"हा काय! मोप मोठा हाय."

"ट्रॅक्टर तुमचाच?"

"माझ्या दारात दुसऱ्याचा कशाला उभा ऱ्हाईल?"

कुडाआडून सोनबा खाकरला. हिंदुराव त्याहून मोठ्यानं खाकरले.

"शौचालय वापरता का?"

आता हा प्रश्न होणाऱ्या सासऱ्याला! पण सरकारी जावयासाठी माणूस काय सोसत नाही! "रोज!" हिंदुराव छाती काढून म्हणाले. "नेमानं!"

"कुटुंबात कुणी सरकारी नोकरीत?"

हिंदुरावांचा ऊर भरून आला. गड्यानं किती आडवळणानं होकार दिला! त्यांनी दिग्विजयच्या पाठीत अशी थाप मारली, की त्याचं बोट त्या धक्क्यानंच मोबाईलवर 'होय'वर पडलं. "हाय की! जावई हाय न्हवं गुरुजी!"

दिग्विजयनं नागेशकडं बघून मान हलवली. "तुमच्या मोबाईलवर ओटीपी आलाय बघा. सांगा."

तो शब्द कानावर पडताच नागेश झोपेतून ताडकन उठला. "मामा, ओटीपी दिऊ नका! फ्रॉड हाय! आमच्या कंपनीतल्या एकाचं खातं साफ केलं असंच!"

"गप बसा, जावईबापू! सरकारी माणूस हाय त्यो! तुमच्यावानी प्रायव्हेट न्हवं!"

ओटीपी दिला. मग दिग्विजयनं हिंदुरावांना घरापुढं उभं करून फोटो काढला. हिंदुरावांनी साखरपुड्याचा समजून मिशीला पीळ दिला. रेंज येईना, तेव्हा होणारा जावई सोनबाच्या ट्रॅक्टरवर चढला, हात आभाळात धरून उभा राहिला आणि ओरडला, "झालं सबमिट!"

खाली उतरून त्यानं तोंड पुसलं. "सर्वेक्षण संपलं एकदाचं. तुमची गल्ली माझ्याकडं होती, आज शेवटची तारीख. हां, आता मुलगी बघायला आलो."

पोह्यांची ताटली घेऊन आलेली स्वप्नाली दारातच थबकली. "कसलं सर्वेक्षण? घरकुलाचं?"

"हो. घरकुल, रेशन, सगळ्याचंच."

"आन् आबांनी ट्रॅक्टर सांगितला?"

"ट्रॅक्टर, फ्रिज, पक्कं घर. आणि घरात सरकारी नोकर." दिग्विजयचा आवाज हळूहळू बसत गेला. "सरकारी नोकर म्हणजे हे थोरले जावईच ना?"

"मी?" नागेश म्हणाला. "मी बिस्किटाच्या मशिनीव हाय!"

म्हणजे घ्या! पोरीनं अजून मान वर केली नव्हती, आणि सरकारदरबारी तिचं लग्न लागून जावई घरात नांदत होता! वर ट्रॅक्टर-फ्रिजवाला म्हणून घरकुल गेलं ते गेलंच.

"काढून टाका की त्यो सरकारी जावई!" हिंदुराव हातापाया पडू लागले.

दिग्विजयनं बराच वेळ मोबाईल खालीवर केला. "माणूस काढायला कारण मागतंय. मृत्यू, घटस्फोट, स्थलांतर. चौथं न्हाय."

"लगीन व्हायच्या आधी घटस्फोट?" हिंदुराव मटकन खाली बसले.

"सरकारी लोकांना काम न्हाय तर असंच हुणार," नागेश कडवट हसला. "अकरा ते पाच मोबाईलव बोटं फिरवायची!"

दिग्विजयचा संयम सुटला. "अकरा ते पाच? सकाळी खिचडीचा तांदूळ मोजायचा, दुपारी माहिती भरायची, सांजच्याला मतदार शोधायचे! पोरांना शिकवायचं तेवढं चोरून, कुणी बघत नसताना! तुमाला निदान एकच मशीन हाय!"

"तुमाला उद्या या म्हनून तरी सांगत्यात! आमाला गेटवर कळतं, की उद्यापास्नं येऊ नगा!"

"आमची पेन्शन गेली!"

"आमाला कवा हुती?"

दोघं हमरीतुमरीवर आले. हिंदुरावांना ना घर दिसत होतं, ना फ्रिज. त्यांना दिसत होता तिरडीचा तो कललेला कोपरा. त्यांनी मधेच, बारीक आवाजात विचारलं, "गुरुजी, समजा मी मेलो. तुमाला यायला मिळंल का?"

दिग्विजयनं मोबाईल खाली केला. मग म्हणाला, "माझी आजी निवडणुकीच्या ट्रेनिंगला वारली. म्हंजे मी ट्रेनिंगला होतो. साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, वाईट झालं. पण हजेरीची लिंक भरली का?"

"आयतवारी मेलो तर?"

"मामा," दिग्विजय हळूच म्हणाला, "आज आयतवारच हाय."

तेवढ्यात दोघांचेही फोन एकदम वाजले. नागेशच्या बदलीचा माणूस आला नव्हता, त्याला दुसऱ्या पाळीला बोलावणं होतं. दिग्विजयला पलीकडच्या वस्तीचंही सर्वेक्षण आजच संपवायचा हुकूम होता. दिग्विजयनं उभ्यानंच दोन घास पोहे खाल्ले, स्वप्नालीकडं एकदा ओशाळं बघितलं आणि नागेशच्याच गाडीवर मागं बसून गेला. मघाशी भांडणारे दोघं, पण वळणावर बघितलं तर गुरुजींनी नागेशच्या पाठीवर डोकं टेकलेलं. झोपले होते!

अंगणात सोनबा फ्रिजमधल्या चपला बाहेर काढत होता. लांबून दिग्विजयच्या आईवडलांची रिक्षा येताना दिसली. नवरा मुलगाच निघून गेल्यावर आता मुलगी कुणाला दाखवायची, हिंदुरावांना कळेना.

"पोरगं बरं हाय," स्वप्नाली म्हणाली. "दमल्यालं हाय, पन बरं हाय. आन् खांद्याचा घोर करू नगा, आबा. खांदा मी देते."

हिंदुरावांचे डोळे पाणावले. "तुला जमंल, पोरी?"

"न जमायला काय झालं? मला कुठं रजा मागायचीय!" तिनं उरलेल्या पोह्यांवर झाकण ठेवलं. "नोकरीच न्हाय."

"आन् बाकीचं तीन?"

स्वप्नालीनं रस्त्यापलीकडं बोट दाखवलं. टपरीवर भर दुपारी, भरतीची पुस्तकं उशाला घेऊन, गावातली पंधरा-वीस उंचीपुरी पोरं बाकड्यांवर पसरली होती.

हिंदुरावांनी त्यांच्याकडं बराच वेळ नीट निरखून बघितलं. उंची सगळ्यांची सारखी होती.