दाराला इस्त्री

पोचा म्हणजे काय, तर पत्र्याला पडलेली चुणी. आणि चुण्या काढण्यात मास्तरांची सगळी हयात गेली होती. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, लेडीज टेलर. कुणाची कॉलर बसत नसली, खांद्यात फुगा येत असला, की बाजारातले बाकीचे शिंपी गुपचूप कपडा यांच्याकडे पाठवायचे. अशा माणसाने गाडीच्या दारावरच्या तळहाताएवढ्या खड्ड्यासाठी गॅरेजची पायरी चढायची?

"गॅरेजवाला काय करणार? ठोकणार," मास्तर म्हणाले. "ठोकून कधी कपडा बसलाय का?"

"कपडा नाही बसत," शेजारचा निवृत्त कंपाउंडर म्हणाला. "पण हा पत्रा आहे मास्तर."

"पत्रा म्हणजे जाड कपडाच."

घाई होती ती मुलीमुळे. आई गेल्यापासून ती दर रविवारी यायची आणि आल्या आल्या डबे, औषधं आणि गाडी तपासायची. मागच्या खेपेला तिने निक्षून सांगितलं होतं, "बाबा, आता एक जरी नवा पोचा दिसला, तर किल्ली माझ्याकडे." आणि किल्लीवाचून मास्तरांचं चालणार नव्हतं. संध्याकाळ झाली की घर खायला उठायचं. मग ते गाडी काढायचे, काही आणायचं नसलं तरी बाजारापर्यंत जाऊन यायचे, आणि परत येईतो दिवे लावायची वेळ झालेली असायची. तेवढीच वेळ टळायची.

आज रविवार होता आणि नवा पोचा दारावर होता.

"हा कुणी दिला?" कंपाउंडरने विचारलं.

"बाजारातला खांब. एकदम मध्ये आला."

"चालत?"

"तू मदतीला आलायस की पंचनाम्याला?"

कंपाउंडरने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. पोच्यावर उकळतं पाणी ओतायचं, मोरी तुंबल्यावर वापरतात तो रबरी पंप लावायचा आणि ओढायचं. पोचा बाहेर. तो स्वतःच्या घरचा पंप घेऊनच आला होता.

"नवा आहे ना?" मास्तरांनी नाकाला रुमाल लावत विचारलं.

"नवा कशाला? अनुभवी आणलाय."

मास्तरांनी किटलीभर पाणी ओतलं. त्यातलं निम्मं दारावर गेलं, निम्मं कंपाउंडरच्या पायावर. तो एका पायावर नाचत असतानाच मास्तरांनी पंप दाबून बसवला. पंप असा चिकटला की आता तो गाडीचाच भाग वाटू लागला. मास्तरांनी ओढलं. दोघांनी मिळून ओढलं. शेवटी कंपाउंडरने दाराला टाच लावली, डोळे मिटले आणि जीव खाऊन हिसका दिला. दांडा निघाला. दांड्यासकट कंपाउंडर मागच्या कुंडीत जाऊन बसला. रबर मात्र जळवेसारखं दारालाच राहिलं.

मास्तर वाकून बघत होते. "हा दुसरा खड्डा कसला?"

"जुनाच असेल," कंपाउंडर कुंडीतून म्हणाला.

"यात तुझी टाच दिसतेय."

आता मात्र मास्तरांनी सूत्रं हातात घेतली. खांद्यात फुगा आला की ओलं फडकं टाकून इस्त्री दाबायची. वाफेने कापड आटतं, फुगा जिरतो. अर्ध्या बाजाराला ठाऊक नसलेली विद्या होती ती. खिडकीतून वायर बाहेर आली, वायरीमागून इस्त्री आली. दारावर चौकडीचा ओला टॉवेल अंथरला गेला. मास्तरांनी जीभ दाताखाली धरून इस्त्री टेकवली. वाफेचा लोट उठला. कंपाउंडर बर्फाची पिशवी घेऊन तयारच होता, ताप उतरवायचा त्याला सरावच.

आतून टक्क आवाज आला.

"निघाला," कंपाउंडर म्हणाला.

टॉवेल मात्र निघेना. मास्तरांनी कडेने अलगद सोडवत आणला. दोन्ही खड्डे जागच्या जागी होते. भोवतीच्या रंगावर टॉवेलची चौकडी उमटली होती.

मास्तरांनी मान तिरकी करून पाहिलं. "रेघ सरळ आलीय मात्र."

तेवढ्यात फाटक वाजलं. कंपाउंडरने कुठून एवढी चपळाई आणली कोण जाणे, पण तो दोन्ही हात पसरून दाराला पाठ लावून उभा राहिला.

"काका, असे का उभे?" मुलीने विचारलं.

"कंबर धरलीय."

"मग बसा ना."

"बसलो तर सुटेल."

"काका, सरका."

काका सरकले. सरकता सरकता "दूध तापत ठेवलंय" म्हणत थेट स्वतःच्या घरात सरकले. मुलीने रबर पाहिलं, टाच पाहिली, चौकडी पाहिली. मग बापाच्या हातातली इस्त्री पाहिली.

"अजून गरम आहे, हात लावू नकोस," मास्तर म्हणाले.

ती गाडीभोवती फिरली. पलीकडून तिचा आवाज आला. "बाबा, उजवी बाजू अगदी कोरी आहे. साधा ओरखडा नाही. सगळं डावीकडेच कसं?"

मास्तर टॉवेलची घडी घालत राहिले. "डावीकडचं तुझी आई बघायची. जागा आहे, येऊ द्या, असं सांगत असायची. मी तिकडे कधी बघितलंच नाही."

मुलगी वळसा घालून परत इकडे आली. दारावरचं रबर तेवढ्यात पच्च करून खाली पडलं. मग तिने हात पुढे केला. मास्तरांनी निमूटपणे किल्ली दिली.

"कायमची?"

"रोज ऑफिसातून मी इकडे येत जाईन. फिरायला जाऊ. चालवणार मी. बसा आता."

डावं दार उघडलंच नाही. मास्तर उजवीकडून शिरले, गिअरमध्ये धोतर नसूनही अडकले, आणि कसेबसे पलीकडे पोचले. या सीटवर ते पहिल्यांदाच बसत होते. सीट पार पुढे ओढलेली होती, गुडघे समोर टेकले.

"मागे घ्या ना ती."

"असू दे अशीच."

मुलीने आरसा नीट केला, पट्टा लावला. मास्तरांनी काच खाली करून मान बाहेर काढली. कुंडी, फाटक, फाटकाचा खांब, सगळं डोळ्यात तेल घालून पाहिलं.

"जागा आहे," ते म्हणाले. "येऊ दे. येऊ दे. अगं, सावकाश."

"बाबा," मुलगी म्हणाली, "मी अजून गाडी सुरू केलेली नाही."