दाजींचं रेशीमपाणी

आमचे दाजी माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, घोट्याकडे बघतात. एका लग्नात नवरदेव घोड्यावरून उतरताना जरा लंगडला. अक्षता पडायच्या आत दाजींनी त्याला खुर्चीत बसवून पायाला ओली चिंधी बांधली. फोटोत ती अजून दिसते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. वडूजजवळ त्यांची थोडी तुती आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते रेशमाच्या अळ्या पाळायचं प्रशिक्षण घेऊन आले. तिथले साहेब म्हणाले होते, रेशमाच्या धाग्यावर डिंकासारखं एक प्रथिन असतं. त्यानं सूज उतरते का, हे कोणीतरी बघायला हवं. कोणीतरी म्हणजे आपणच, असं दाजींनी धरलं. तेव्हापासून डागी कोष उकळायचे, चिकट पाणी बाटलीत भरायचं आणि सुजलेली माणसं शोधत हिंडायचं.

"सूज म्हंजी अंगाचा राग," ते सांगत. "रागाला रेशीम दाखवायचं."

मला कुणाला नाही म्हणता येत नाही. कुणाचं मन मोडलं की ते मला आठवडाभर टोचत राहतं. त्यामुळे सांगलीहून त्यांच्याकडे गेलो की ते पाणी माझ्या गुडघ्याला लागे, गालाला लागे, एकदा गांधीलमाशी चावलेल्या कानालाही लागलं. परतताना एसटीत माझ्या शेजारची सीट रिकामी राहायची, असा त्याचा वास.

गंमत म्हणजे सूज उतरली का, हे दाजी विचारतच नसत. "खाज न्हाई न्हवं सुटली? आग? पुरळ?" एवढंच.

"आवं दाजी, सुजेचं तर विचारा."

"ते मागनं."

इकडे अक्काच्या बोटांचे सांधे सुजून गाठी झाल्या होत्या. डॉक्टरांच्या गोळ्यांनी दुखणं जरा कमी होई, सूज हटत नसे. हातातल्या बांगड्या उतरवल्या, त्या परत चढेनात. हळदीकुंकवाला ती हात पदराखाली धरून बसे. पुढं तिनं तिथं जाणंच सोडलं. न राहवून एकदा मी दाजींना म्हणालो, "साऱ्या तालुक्याला पाणी लावता, अक्काला का नाही?"

दाजी बाटली पुसत राहिले. "अजून कुणाला खाज सुटली न्हाई. आणखी चार माणसं बघतो. तिला आधीच लय दुखतंय रं."

माझा कान कशासाठी भिजला होता, ते मला तेव्हा कळलं. इतके दिवस मी त्यांना मनात हसत होतो, याची लाज वाटली.

दिवाळीनंतर त्यांनी अक्काला पाणी लावायला घेतलं. रोज संध्याकाळी तिचा हात मांडीवर घेऊन एकेक बोट भिजवत बसायचे. पुढच्या खेपेला मी गेलो, तर मला घेऊन विट्याला कासाराकडे निघाले. अक्काचं माप सव्वादोन. दाजींनी पावणेतीनच्या हिरव्या बांगड्या मागितल्या.

"दाजी, माप..."

"गप ऱ्हा."

घरी दाजींनी स्वतःच त्या चढवल्या. अक्कानं डोळे मिटून घेतले होते. एक गेली, दुसरी गेली, हात भरला. तिनं मनगट हलवून बघितलं.

"उतरली व्हय खरंच?"

"मग? सांगत हुतो की."

ती माझ्याकडं वळली. "तुला काय वाटतंय रं? तू कवा खोटं बोलत न्हाईस."

दाजी माझ्या घोट्याकडे बघत नव्हते. पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघत होते.

"उतरलीया अक्का," मी म्हणालो. "लय उतरलीया."