सायाजी साळिंदर आणि टेबलावरचा ॲम्प

एका जंगलात, बाळांनो, सायाजी नावाचा एक साळिंदर राहायचा आणि त्याच्याकडे विजेवर चालणारी गिटार होती. जंगलात वीज कुठून आली, असं विचारू नका. जिथे प्राणी बोलतात तिथे विजेचं काय घेऊन बसलात?

त्या जंगलाचा एक बँड होता. होळीला तो वाजायला लागला की हत्तीसुद्धा लाज सोडून नाचायचे. पण बँडमधला गिटारवाला वानर माणसांच्या देवळापाशी राहायला गेला, कारण तिथे केळी आयती मिळायची. मग बँडचे म्होरके, ढोलवाले अस्वलकाका, यांनी दवंडी पिटली. होळीआधी जो चांगलं गाणं वाजवून दाखवेल, त्याला वानराची जागा मिळणार होती.

सायाजीचा जीव त्या जागेत अडकला. अंगावर काटे, त्यामुळे नाचात त्याला कुणी जवळ करायचं नाही. दर होळीला तो कडेला एकटाच पाय आपटायचा. वाजवणाऱ्याभोवती मात्र सगळं जंगल गोळा व्हायचं. फार वाईट वाटायचं हो त्याला.

आता विजेची गिटार नुसती छेडली तर डास गुणगुणल्याइतकाच आवाज येतो. तो मोठा करायला ॲम्प नावाची पेटी लागते. मोठी पेटी बिळात मावेना, आणि शेजारी सशांच्या घरी, नेहमीप्रमाणे, बाळंतीण होती. तेव्हा टेबलावर बसेल असा छोटा ॲम्प घ्यायचं ठरलं.

"आधी ॲम्प नीट पारखतो, मग रियाजाला बसतो," असं त्याने बायकोला, साळूबाईला, सांगितलं. साळूबाईला ते पटलं. तिला पारखणं म्हणजे बाजारात वांगी निवडण्याइतकंच काम वाटलं होतं.

ॲम्पचं दुकान कोल्ह्याचं होतं. घरी न्या, वाजवून बघा, नाही आवडला तर परत आणा, असा त्याचा खाक्या. सायाजीने पहिला ॲम्प नेला. आवाज गोड, पण माठात तोंड घालून बोलल्यासारखा. दुसऱ्याचा खर्ज छान, पण बॅटरी कावळ्याच्या अंघोळीइतकीच टिकायची. तिसऱ्याला हेडफोन होते, त्यांची काट्यांनी चाळण झाली. चौथ्यात आवाजाचे इतके प्रकार होते की सायाजी दुपारभर बटणंच पिळत बसला. मग पहिला पुन्हा ऐकावासा वाटला.

तुलना चोख व्हावी म्हणून तो प्रत्येक ॲम्पवर तेच चार सूर वाजवायचा.

"अहो, पुढचंही वाजवा की थोडं," साळूबाई एकदा म्हणाली.

"पुढचं वाजवलं तर तुलना बिघडेल," सायाजी म्हणाला. ती रताळी खणायला निघून गेली.

वरच्या झाडावर झिपरी नावाची एक खार होती. तिच्याकडे उसनी गिटार होती, ॲम्प नव्हताच. ती गिटार पोकळ खोडाला टेकवून चुकतमाकत गाणी वाजवायची. सायाजीला तिची कीव यायची. बिचारीला आवाजातलं काही कळत नाही, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

परीक्षेचा दिवस आला. सायाजीने चार सूर वाजवले. इतके सुंदर सूर जंगलाने कधी ऐकले नव्हते. घुबडाचेसुद्धा डोळे पाणावले. मग सायाजी थांबला.

"पुढे?" अस्वलकाकांनी विचारलं.

"आता हेच दुसऱ्या ॲम्पवर ऐकवतो."

"आणि गाणं?"

गाणं सायाजीला येतच नव्हतं. झिपरीला येत होतं. ती दोनदा चुकली, पण अस्वलकाकांचा पाय ठेका धरू लागला आणि जागा तिला मिळाली.

सायाजीला रडू फुटलं. तो ॲम्प उचलून निघाला, तेवढ्यात मागून तरसाने हाक मारली. "सायाजीराव, घरात वाजवायला कुठला ॲम्प घ्यावा हो?" मग रानडुक्कर आलं, मोर आला, काट्यांची पर्वा न करता सगळे त्याला चिकटून उभे राहिले. सायाजीने डोळे पुसले आणि बोलायला सुरुवात केली. तो संध्याकाळपर्यंत बोलत होता.

गर्दीत झिपरीही होती. आता बँडमध्ये आलीस म्हणजे ॲम्प हवाच, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. सायाजीने तिला घाई न करण्याचा सल्ला दिला आणि पारखायची रीत शिकवली. पोरगी गुणी. तिने खोड सोडलं आणि कोल्ह्याचं दुकान धरलं.

त्या होळीला बँडमध्ये गिटार वाजलीच नाही. झिपरीचा ॲम्प ठरायचा होता. नुसता ढोल ऐकत सायाजी बिळाच्या तोंडाशी बसला होता.

"मला वाजवायचं होतं गं," तो साळूबाईला म्हणाला.

"मग वाजवा. जागा झिपरीची असली तरी अजून रिकामीच आहे. कोण अडवतंय तुम्हाला?"

सायाजीने गिटार मांडीवर घेतली. तारांवरून हात फिरवला. मग हळूच खाली ठेवली.

"कोल्ह्याकडे उद्या नवा माल येतोय. तेवढा ऐकतो, मग बसतोच."

तात्पर्य : मुलांनो, रियाजाच्या नादी लागू नका. वाजवणाऱ्याची चूक सगळ्या जंगलाला ऐकू येते. पारखणारा कधीच चुकत नाही, कारण तो अजून सुरूच झालेला नसतो.