ड्रॅगनचे कान

शत्रूला चाहूल लागू न देता त्याच्या पाठीमागे जाऊन उभं राहणं ही माणसाने साधलेली एक थोर कला आहे. ग्रंथपाल गेली तीन वर्षं, दर रविवारी दुपारी, दातांच्या डॉक्टरांच्या जेवणाच्या टेबलाशी बसून तिची साधना करत होते. खुर्चीतून न उठता.

खेळ साधा होता. डॉक्टर गोष्ट रचायचे, बाकीचे त्यातली पात्रं व्हायचे आणि कोणाचं काय होणार ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा. वायरमन मांत्रिक होता. ग्रंथपाल चोर होते. टेबलाचे दोन नियम कडक. जे मोठ्याने सांगितलं नाही ते तुमच्या पात्राने केलंच नाही. आणि पडलेला फासा परत उचलायचा नाही.

त्या रविवारी चोराच्या जिवाचे शंभरातले जेमतेम चार गुण उरले होते आणि समोर ड्रॅगन पाठ करून बसला होता. बेसावधावरचा वार तिप्पट लागतो, त्यामुळे तो गाफील सापडला तर एका घावात आडवा. सावध असला तर त्याची एक फुंकर, चोर खलास, आणि तीन वर्षं वाढवलेलं पात्र सोडून ग्रंथपालांनी पुन्हा पहिल्या पायरीवर यायचं.

“लागली तुझी चाहूल त्याला,” डॉक्टर म्हणाले.

“फासा न टाकताच?”

“गरजच नाही. ह्याचे कान मी आमच्या आत्यावरून बेतलेत. परीक्षेला सुपरवायझर असायची. शेवटच्या बाकावर कोणी चिठ्ठी उलगडली तरी मागे न बघता नाव घ्यायची.”

“अरे, मी बावीस वर्षं वाचनालयात चालतोय! आजवर एका वाचकाने मान वर केली नाही.”

“झोपलेले असतात ते,” वायरमन म्हणाला.

डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. “आत्या सकाळीच आलीय, पंधरा वर्षांनी. मी ह्या ड्रॅगनच्या मागे, त्यामुळे धड बोलणंही झालेलं नाही. स्वयंपाकघरात पेपर वाचतेय, दाराकडे पाठ. मागच्या स्टुलावर तिची डबी आहे. ती आणून दाखव. तिला कळलं नाही, तर ड्रॅगनलाही कळलं नाही.”

ग्रंथपाल उठले. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत ते खरोखरच मांजराच्या पावलांनी गेले. तिथे मात्र तीन वर्षांची सवय आड आली.

“मी चपला काढतो,” ते खणखणीत आवाजात म्हणाले.

मागून डोकावणाऱ्या वायरमनने कपाळाला हात लावला. आत्यांनी पेपरचं पान उलटलं.

“मी भिंतीला चिकटून पुढे सरकतो.”

सरकताना खांदा लागला आणि कढईवरचं झाकण खाली आलं. फरशीवर ते चांगलं अर्धा मिनिट गोल गोल नाचलं. आत्यांनी शब्दकोड्यात एक शब्द भरला.

“माणूस आहे का वारा!” वायरमन पुटपुटला.

“मी हिच्यासमोर कधी चोरून गोळीसुद्धा चघळू शकलो नाही,” त्याच्यामागून डोकावत डॉक्टर म्हणाले.

“मी डबी उचलतो!” ग्रंथपालांनी जाहीर केलं, आणि उचलली.

टेबलाशी परतल्यावर डॉक्टरांनी उभं राहून त्यांचा हात हातात घेतला. “सांगून सवरून, भांडी पाडून, तरी चाहूल नाही! नियमांच्या पुस्तकात ह्याला आकडाच नाही रे. ड्रॅगन बेसावध. टाक फासा.”

फासा अठरावर थांबला. तिप्पट घाव बसला, ड्रॅगन कोसळला, चोर वाचला. वायरमनने सलाम ठोकला.

“कसं जमवलंस?”

“सगळं पावलांत असतं,” ग्रंथपाल नम्रपणे म्हणाले. “टाच आधी टेकवायची नाही.”

चोर झाले तरी ते ग्रंथपाल होते. नेलेली वस्तू वेळेत परत गेलीच पाहिजे. तिघेही स्वयंपाकघरात गेले. ग्रंथपाल समोर जाऊन अदबीने उभे राहिले.

“आत्या, ही तुमची डबी. तुमच्या नकळत नेली होती. माफ करा.”

“काय?”

“डबी! तुमची! नेली होती!”

“अं?”

आत्यांनी डबी घेतली, उघडली, आतलं मशीन काढून कानात नीट बसवलं आणि म्हणाल्या, “हं, आता बोला.”