खळीने चिकटवलेला कागद

माईंनी छातीठोकपणे सांगून टाकलं, "तीन महिन्यांत सुनेला अशी ठणठणीत करते, की डॉक्टरीणबाईच माझ्याकडे शिकायला येतील!"

सुनेला मूल हवं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आधी तीन महिने शरीर तयार करा, मग पुढचं. काय खायचं-प्यायचं त्याचा कागदही दिला होता. माईंची शाळा दुसरीतच सुटलेली. पण अक्षराला अक्षर लावत त्यांनी तो पाठ केला आणि पिठाची खळ करून स्वयंपाकघरात असा चिकटवला, की भिंत पडली असती, कागद निघाला नसता!

झालं! फॉलिक ॲसिडची गोळी माईंच्या डोळ्यांदेखत. डाळी, लिंबू पिळलेली पालेभाजी, अंडी, फळं. जेवणावर चहा मागितला की माई डोळे वटारायच्या.

"आई, पोट फुटेल हो माझं!"

"राहू दे मग. वाया नको जायला." उरलेलं ताट लेकापुढे सरकायचं. वर त्याला तळलेलं वेगळं. "खा बाबा, तुला कुठे बाळंत व्हायचंय!" लेक ढेकर देऊन गॅलरीत सिगारेट ओढायला मोकळा.

तीन महिन्यांनी माई लेक-सुनेला घेऊन दवाखान्यात शिरल्या त्या पदक घ्यायला आल्यासारख्या. सुनेचं रक्त वाढलेलं, वजन बेताचं.

"उत्तम!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"करणारी मी आहे!" माई बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोलल्या.

मग लेक वजनकाट्यावर चढला. काटा कण्हला.

"सहा किलो वाढलं? आणि हा सिगारेटचा वास? कागदाच्या मागे नवऱ्यासाठी लिहिलं होतं, वाचलं नाहीत?"

"मागची बाजू..." माई पुटपुटल्या, "भिंतीला आहे."

"मग आता यांचे तीन महिने. सिगारेट बंद, तळण बंद. तोवर थांबा."

घरी येताना सून गुपचूप डोळे पुसत होती. माईंच्या काळजात चर्र झालं. "रडू नको गं. माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. लेकाने चमकून पाहिलं. हे वाक्य त्याने जन्मात ऐकलं नव्हतं!

त्याच संध्याकाळी सिगारेटी पाण्यात गेल्या, तळण बंद झालं. आठवड्यात लेकाची दशा बघवेना. मध्येच चिडायचा, मध्येच हळवा व्हायचा, दिवसभर आंबट गोळ्या चघळायचा.

शेजारीण दारात येऊन हसली. "काय माई, आंबट गोळ्यांचे पुडे येताहेत म्हणे घरात! गोड बातमी आहे वाटतं?"

माईंनी पलंगावर कण्हणाऱ्या लेकाकडे पाहिलं.

"छे गं, सुनेला अजून अवकाश आहे. तोवर डोहाळे यालाच लागलेत!"